दोन गोळ्या कमी

प्रिय भिंगरी,

या नावाने तुला हाक मारून नऊ वर्षं झाली. तू दुसऱ्यांदा आजारी पडलीस तेव्हा मी ते बंद केलं. लहानपणी घरभर गरगर फिरायचीस म्हणून तुझ्या बाबांनी हौसेने ठेवलेलं नाव. त्यात वाईट काही नव्हतं, पण आजारानंतर ते ओठांवर आलं की वाटायचं, आपणच त्या आजाराला आठवण करून देतोय की काय. माणसांवर संशय घेणं पुरेना म्हणून मी एका शब्दावरही घेतला. आज कागदावर लिहून पाहिलं. काही होत नाही.

तुझी चिठ्ठी काल, सोमवारी मिळाली. दोन सुती कपडे, चष्म्याचं घर आणि मेण कोरायची लहान सुरी, सगळ्या वस्तू पिशवीत भरून ठेवल्या आहेत. गुरुवारी डॉक्टर तुझी गोळी कायमची बंद करून दुसरी सुरू करणार आहेत, तेही वाचलं. त्याखालची शेवटची ओळ मी आतापर्यंत किती वेळा वाचली ते सांगत नाही. मोजलं नाही, एवढंच सांगते. त्या ओळीकडे नंतर येते. आधी काही गोष्टी क्रमाने सांगायच्या आहेत, आणि मला क्रम सोडून सांगता येत नाही हे तुला माहीत आहे.

एकतीस वर्षं मी काचेच्या कारखान्यात तपासणी विभागात काढली. रसायनशास्त्राची पदवी घेतलेली बाई प्रयोगशाळेत न जाता पट्ट्यासमोर स्टुलावर बसते याचं लोकांना नवल वाटायचं. मला नाही वाटलं. उजेडाच्या चौकटीसमोरून बाटल्या सरकायच्या आणि मी त्यांतला बुडबुडा, तडा, वाकडी मान शोधायची. बाटली चांगली आहे असं गृहीत धरणाऱ्याला तिथे दुसऱ्या दिवशी कामावर ठेवत नसत. वाईट आहे असं धरायचं आणि तिने आपण चांगली असल्याचं सिद्ध करायचं. हा नियम मी पायपुसण्यावर पुसून घरात यायला हवं होतं. तुझे बाबा तसं म्हणायचेही. ते गेले, आणि मग म्हणणारं कुणी उरलं नाही.

पण संशयाला कारण नव्हतं असं मी लिहिणार नाही. ते खोटं होईल. पहिल्या वेळी तू बावीस वर्षांची होतीस. अकरा दिवस जेमतेम झोपलीस, घरातली सगळी दारं पिवळी रंगवलीस, आणि बाराव्या दिवशी आपल्या दारात चाळीस खुर्च्या येऊन उतरल्या, कारण तू शाळा काढणार होतीस. आज आपण त्या खुर्च्यांवर हसतो. त्यानंतर पाच महिने तू भिंतीकडे तोंड करून पडून होतीस, त्यावर हसत नाही. मग ही गोळी लागू पडली. लिथियम. वर्षभरात तू इतकी ठीक झालीस की तुला वाटलं, आता कशाला हवी. मला सांगितलं नाहीस. खिडकीतल्या कुंडीतली माती उकरली तेव्हा मला सत्तावन्न गोळ्या सापडल्या. तोवर उशीर झाला होता आणि दुसरं आजारपण पहिल्यापेक्षा वाईट निघालं. ते मी इथे लिहीत नाही. आपल्या दोघींना पाठ आहे.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले. डॉक्टरांनी तुझ्यादेखत सांगितलं होतं की ही गोळी ताप उतरवायची नाही, बरं वाटत असतानाच घ्यायची, कारण ती बरं ठेवण्यासाठीच आहे. तू ते ऐकलंस आणि पाळलंस. नऊ वर्षं पाळलंस. मी मात्र दर संध्याकाळी पाकिटातल्या गोळ्या मोजत राहिले आणि वहीत लिहीत राहिले. वही तुला माहीत होती. एकदा तू म्हणालीही होतीस, आई, माझा वाढदिवस विसरशील पण माझी जांभई नोंदवायची विसरणार नाहीस. मी तेही नोंदवलं: थट्टा करते, आवाज जरा चढा.

वही कालपासून पहिल्या पानापासून वाचते आहे. काय काय लिहिलंय मी. नवी पिशवी आणली, लाल रंगाची, लक्ष ठेव. फोनवर वीस मिनिटं बोलली. गाणं गुणगुणत भांडी घासली. रविवारी दुपारी झोपली, का? आणि जागोजागी, लाल पेन्सिलीने अधोरेखित, एकच शब्द: हसली. तू हसलीस की मी घड्याळ बघायचे. हसणं किती वेळ टिकतं यावरून मी ठरवायचे की ते तुझं आहे का आजाराचं. तू आधी स्वयंपाकघरात हसायचीस, मग फक्त कामाच्या जागेच्या गोष्टी सांगताना, आणि मग घरी हसेनाशी झालीस. ते मी नोंदवलं नाही. न होणारी गोष्ट वहीत कशी लिहिणार.

आता गेल्या दोन महिन्यांचं सांगते. माझा रक्तदाब वाढल्याचं निघालं ते तुला आठवत असेल. मी कपाळाला आठ्या घालून दवाखान्यातून आले आणि काही विशेष नाही म्हणाले. त्यानंतर दोनेक आठवड्यांनी तू जेवताना चमचा खाली ठेवलास आणि म्हणालीस की हल्ली कशालाच चव लागत नाही. पाच महिने भिंतीकडे तोंड करून पडली होतीस, तेव्हाही तू असंच म्हणायचीस. त्या दिवशी वहीत लिहिलं: चव नाही म्हणते, लक्षण? मग तुझे हात थरथरायला लागले. थोडी थरथर तुला या गोळीने आधीपासून होती, पण ही वेगळी होती. कपातला चहा बशीत यायचा. मी म्हटलं, काहीतरी लपवते आहे. मग पोट बिघडलं. मग जिन्यावर तोल गेला, शब्द जड यायला लागले, आणि मी काय केलं माहीत आहे का? तू अंघोळीला गेलीस तेव्हा तुझ्या पेल्याचा वास घेतला. पेल्यात पाणी होतं. तरी माझी खात्री पटली नाही, मी तुझ्या कपाटातही बघितलं. पोरगी डोळ्यांदेखत विषाने पांगळी होत होती आणि आई दारूची बाटली शोधत होती.

त्या मंगळवारी सकाळी तुला उठता येईना. दवाखान्यात रक्त तपासलं तर गोळीचं प्रमाण दुपटीच्या वर गेलेलं. त्या तरुण डॉक्टरीणबाईंनी चांगले प्रश्न विचारले, आज मला ते कळतं. दुसरी कुठली औषधं चालू आहेत का, पाणी कमी पिते का, जेवणात काही बदल केलाय का. तू बोलण्याच्या स्थितीत नव्हतीस, म्हणून उत्तरं मी दिली. म्हणाले, आमच्या घरात काही बदलत नाही. मग त्यांनी विचारलं की चुकून किंवा मुद्दाम जास्त गोळ्या घेतल्या असतील का. तू माझ्याकडे बघत होतीस. जीभ जड होती, पण डोळे स्वच्छ होते. आणि मी म्हणाले, "मी रोज मोजते. पाकिटात दोन महिन्यांपासून दोन गोळ्या कमी भरतात. याआधीही हिने लपवाछपवी केलेली आहे."

एवढं त्यांना पुरलं. दोन गोळ्यांनी प्रमाण दुपटीवर जात नाही हे त्यांना कळत होतं, पण दोन कमी म्हणजे आणखी कुठे साठवलेल्याही असू शकतात, असा त्यांनी विचार केला. त्यांच्या जागी मी असते तर मीही तोच केला असता. कागदावर लिहिलं गेलं की रुग्णाने स्वतःहून जादा गोळ्या घेतल्याची शक्यता, घरच्यांची माहिती विश्वसनीय. विश्वसनीय! ज्या गोळीने तुला नऊ वर्षं तुझ्या पायांवर उभं ठेवलं ती तुझ्या हातात ठेवणं आता धोक्याचं ठरलं. सहा दिवसांनी सलाइन सुटलं आणि तू घरी न येता तुझ्या कामावरच्या, दातांचे साचे ओतणाऱ्या त्या प्लॅस्टरवालीकडे राहायला गेलीस. माझ्याशी भांडली असतीस तर बरं झालं असतं. तू फक्त म्हणालीस की तिच्या घरी जिना नाही.

आता माझं शुक्रवारचं वागणं. मी तुझ्या कवळ्यांच्या कार्यशाळेत गेले होते, तू रक्त तपासायला गेली होतीस तेव्हा. मुद्दाम ती वेळ निवडली. मला साठवलेल्या गोळ्या शोधायच्या होत्या. माझं म्हणणं खरं ठरवायचं होतं. प्लॅस्टरवाली कोपरापर्यंत पांढरी, साचे ओतत होती. मला बघून तिने हातसुद्धा धुतले नाहीत. म्हणाली, "या काकू. दात मोजायला आलात की गोळ्या?" टेबलाटेबलांवर कवळ्या मांडलेल्या होत्या आणि सगळ्या मलाच हसत होत्या. मी तुझा खण उघडायला सांगितला. तिने उघडला, आणि बाजूला उभी राहून पंखा चालू केला, जणू मला घाम येणार हे तिला ठाऊक होतं. मेणाच्या कांड्या, कोरण्या, गोड गोळ्यांची जुनी डबी, आणि डबीत कापसावर ठेवलेल्या दोन गोळ्या. दोनच. डबीवर तुझ्या अक्षरात चिठ्ठी: काम लांबलं तर. प्लॅस्टरवाली म्हणाली की मोठं काम आलं की उशीर होतो आणि घरी जाईपर्यंत तुझी वेळ टळते, म्हणून दोन महिन्यांपूर्वी तू त्या आणून ठेवल्यास. आणि म्हणाली, "तिने वेळ टाळली नाही काकू, कधीच नाही. आम्ही तिच्या गोळीवर घड्याळ लावतो."

मी परत निघाले तर ती मागून म्हणाली की तुम्ही विचारलं असतंत तर तिने सांगितलं असतं. नऊ वर्षांत मी तुला गोळ्यांबद्दल विचारलं कधी? मोजल्या फक्त. आणि विचारलं नाही म्हणून तूही सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी त्या डबीतल्याही मोजायला आले असते.

म्हणजे हिशेब बरोबर होता. एकही गोळी जास्त गेली नव्हती. घरी आले आणि टेबलाशी बसले. कारखान्यात आमचा एक नियम होता: एकामागून एक बाटल्या सदोष निघायला लागल्या की बाटल्या बघणं थांबवायचं आणि भट्टीकडे जायचं. दोष वर असतो. मग शनिवारभर मी आपल्या घरात त्या दोन महिन्यांत काय काय बदललं याची यादी करत बसले. तू काही बदललं नव्हतंस. तीच गोळी, तीच वेळ, तेच काम. तुझ्या बाजूचा कागद कोरा राहिला. रविवारी सकाळी माझ्या बाजूला एक ओळ आली.

मला मीठ कमी करायला सांगितलं होतं. मला एकटीला. पण एका भट्टीतून दोन प्रकारचा माल काढायला गेलं की घोटाळा होतो, हे माझ्या हाडात भिनलेलं. दोन भांड्यांत दोन भाज्या शिजवणं मला जमणारं नव्हतं, म्हणून मी घराचंच मीठ तोडलं. हळूहळू नाही. एका दिवसात, जवळपास सगळं. टेबलावरची मिठाची कुपी फुटली असं तुला सांगितलं. ती फुटली नव्हती, वरच्या फळीवर रिकाम्या बरण्यांच्या मागे आहे. खरं सांगितलं असतं तर तू वाद घातला असतास, आणि तू वाद घातलास की मला तुझा आवाज मोजत बसावं लागतं. म्हणून सांगितलं नाही. त्यात उन्हाळा, आणि तू दिवसभर भट्टीच्या शेजारी दात भाजत घाम गाळणारी.

मग गोळीच्या खोक्यातला माहितीचा कागद काढला. नऊ वर्षांपूर्वीचा, घड्यांवर फाटलेला, पण मी जपून ठेवलेला. त्यावर माझ्याच लाल पेन्सिलीच्या रेघा आहेत. गोळी टाळल्यास काय होईल, तिथे दोन रेघा. जादा घेतल्यास काय होईल, तिथे तीन. जिथे तुझा दोष निघू शकत होता ते प्रत्येक वाक्य मी अधोरेखित केलंय. आणि मधेच एक ओळ स्वच्छ, रेघेवाचून: जेवणातलं मीठ एकाएकी कमी करू नये, पाणी भरपूर प्यावं, नाहीतर औषध शरीरात साठतं. औषधांच्या दुकानात जाऊन विचारलं. त्या गृहस्थांनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही, नुसती मान डोलावली आणि म्हणाले की हे तर आम्ही सगळ्यांना सांगतो. भिंगरी, मी रसायनशास्त्र शिकलेली बाई आहे. मिठातलं सोडियम आणि तुझं लिथियम मूलद्रव्यांच्या तक्त्यात एकाच रकान्यात, एकाखाली एक बसतात. परीक्षेला हा तक्ता मी न बघता काढला होता. मूत्रपिंडाला एक मिळालं नाही की ते दुसरं धरून ठेवतं, हे समजायला मला पदवीसुद्धा लागायला नको होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी तुझा खण उपसत होते आणि विष माझ्या पळीत होतं, किंवा खरं म्हणजे नव्हतं.

हे रविवारी कळलं. आज मंगळवार आहे. मधले दोन दिवस मी काय करत होते, असं मी दुसऱ्या कुणाला नक्की विचारलं असतं, म्हणून स्वतःलाही विचारलं. उत्तर चांगलं नाही. रविवारी मला पहिल्यांदा वाटलं की आता सांगायची गरज काय. तू सावरली आहेस, मीठ मी परत सुरू करीन, दुसरी गोळीही चांगलीच असेल. आणि त्याच्याही खाली एक विचार होता. नवी गोळी लागू पडेपर्यंत तुझ्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी लागेल, मग तू घरी येशील. ही गोष्ट मी आयुष्यात कुणाला सांगितली नसती. पण सोमवारी तुझी चिठ्ठी आली. तिच्यातली शेवटची ओळ अशी आहे: "मला आठवत नाही, पण घेतल्या असतील मी जास्त. तू मोजतेस, म्हणजे खरंच असेल."

एवढ्यासाठी हे पत्र. तू घेतल्या नाहीस. तुझी आठवण बरोबर आहे आणि माझा निष्कर्ष चूक. हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, उद्या सकाळी पिशवीसकट प्लॅस्टरवालीच्या हातात देईन, म्हणजे गुरुवारच्या आत ते तुझ्याकडे असेल. डॉक्टरांच्या टेबलावर ठेव. मीठ, तारीख, कुपी, सगळं मी सही करून लिहिलेलं आहे. गोळी चालू ठेवायची की बदलायची ते त्यांनी आणि तू ठरवायचं, मी नाही. पण ठरवताना कागदावर खोटं असू नये. सोबत वही देते आहे. तुला पकडण्यासाठी लिहिली होती. काल शेवटपर्यंत वाचली तेव्हा लक्षात आलं की नऊ वर्षांच्या एकूण एक संध्याकाळी मी वाट बघत बसले आणि काहीही झालं नाही. या गोळीच्या आणि तुझ्या बाजूने इतका कडक साक्षीदार डॉक्टरांना दुसरा मिळणार नाही. मीठ तोडलं त्या तारखेचं पान मी दुमडून ठेवलं आहे. त्यावर तुझ्याबद्दल लिहिलं होतं: आज कामावरून आली, जिन्यात कुणाशी तरी हसली, लक्ष ठेव. त्याखाली मी काल लाल पेन्सिलीने भर घातली: आईने घरातलं मीठ तोडलं, कुणाला सांगितलं नाही, आईवर लक्ष ठेव. पुढची पानं कोरी आहेत. ती तुझी.

तुझीच,
आई